प्रभूमधला आनंद रोजच्या जगण्यात कसा उतरवायचा

जय ख्रिस्त!

सांगली, मिरज, सातारा, कराड, कुठल्याही मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारची उपासना संपल्यावर दारात दहा मिनिटं उभं राहा, एक प्रश्न हमखास कानावर पडतो. चर्चला नियमित येतो, दशांश म्हणजे कमाईचा दहावा भाग देतो, शुक्रवारचा उपास करतो, पवित्र शास्त्र वाचतो, पण आतून आनंद असा काही वाटत नाही, काय चुकतंय? नव्याने विश्वासात आलेल्यांचं तर आणखी अवघड असतं, सुरुवातीचे काही महिने नुसतं तरंगल्यासारखं जातं आणि मग एक दिवस सगळं ओसरतं आणि माणूस घाबरतो की प्रभू आपल्याला सोडून गेला की काय.

पहिल्यांदा एक गोष्ट सांगून टाकतो. आनंद वाटत नाही म्हणजे तुमचा विश्वास कमी आहे असं प्रार्थना सभेत कुणी म्हणालं असेल तर ते मनावर घेऊ नका. शास्त्रात तसं कुठंही लिहिलेलं नाही. गलतीकरांच्या पत्रात (५:२२) पौल आनंदाला आत्म्याचं फळ म्हणतो, प्रीतीनंतर लगेच दुसरा नंबर आनंदाचा. आणि फळ झाडाला यायला वेळ लागतो, ते जोर लावून आणता येत नाही. आपल्या हातात असतं ते वेलीची निगा राखणं, आणि ती निगा कशी राखायची ते खाली क्रमाने लिहितोय.

आधी बघा, नक्की काय झालंय

हे कुणी करत नाही आणि इथंच गाडी अडते. आनंद नाही हे खरं, पण त्याच्या खाली काय आहे? नुसता थकवा आहे का? घरातलं कुणी गेलंय आणि ते दुःख अजून ओलं आहे का? एखादी गोष्ट मनाला खातेय का? की शरीरच बिघडलंय? चारही गोष्टींवर उपाय वेगळे आहेत, सगळ्यांना एकच "जास्त प्रार्थना करा" हा सल्ला देऊन चालत नाही.

एलीयाची गोष्ट (१ राजे १९) एकदा नीट वाचा. एवढा मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरलेला डोळ्यांनी बघितलेला माणूस, आणि दुसऱ्याच घडीला रानात एका झुडपाखाली बसून म्हणतो की देवा आता बास, माझा जीव घे. देवाने त्याला काय केलं? उपदेश नाही केला. झोपू दिलं. मग देवदूताने उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं. बोलणं त्यानंतर. मला हा भाग फार धीर देतो. रात्री बारा-एकपर्यंत मोबाईल बघायचा, सकाळी पाचला उठून दूध घालायचं किंवा एमआयडीसीतली पहिली पाळी गाठायची आणि मग प्रार्थनेत मन लागत नाही म्हणून स्वतःला दोष द्यायचा, हे थांबवा. आठवडाभर लवकर झोपून बघा, तीसुद्धा आज्ञाधारकताच आहे.

पण दोन आठवडे किंवा जास्त दिवस मन सतत खाली असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल किंवा जगणं नको वाटत असेल तर डॉक्टरांकडं जा, आणि जगणं नको वाटतंय असं असेल तर आठवडे मोजत बसू नका, आजच जा. डिप्रेशन हा आजार आहे, पाप नाही. सरकारची टेली मानस हेल्पलाईन १४४१६ या नंबरवर चोवीस तास फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. आणि आपण मिरजेच्या शेजारचे लोक आहोत, डॉ. विल्यम वानलेस हे मिशनरी डॉक्टर इथं आले, १८९४ साली त्यांनी हॉस्पिटल उभं केलं, आणि त्या हॉस्पिटलमुळंच मिरज दवाखान्यांचं गाव म्हणून ओळखलं जाऊ लागलं. ज्या विश्वासाने एवढं हॉस्पिटल उभं केलं त्या विश्वासाच्या नावाने कुणी गोळ्या बंद करायला सांगत असेल तर त्याचं अजिबात ऐकू नका, मग तो कितीही मोठा सेवक असो.

आनंद कुठून येतो ते डोक्यात पक्कं करा

लूकच्या दहाव्या अध्यायात शिष्य आनंदाने उड्या मारत परत येतात, प्रभू तुझ्या नावाने भुतंही आम्हाला वश होतात. येशू त्यांना म्हणतो, भुतं वश झाली याचा आनंद नका करू, तुमची नावं स्वर्गात लिहिली गेलीत याचा करा. म्हणजे सेवा जोरात चालली, प्रार्थनेची उत्तरं मिळाली, मुलगा पास झाला, कर्ज फिटलं, हे सगळं चांगलंच आहे, उपकार मानावेतच, पण आनंदाची मुळं तिथं रोवली तर उद्या उत्तर नाही मिळालं की आनंदही गेला. नाव लिहिलेलं पुसलं जात नाही. रोज सकाळी उठल्या उठल्या, चहाच्याही आधी, एवढंच मनात म्हणायची सवय लावा: मी प्रभूचा आहे, आज काहीही झालं तरी. पहिले काही दिवस नुसतं तोंडपाठ केल्यासारखं वाटेल, वाटू दे.

आता योहानाचा पंधरावा अध्याय. आपल्या भागातल्या माणसाने हा अध्याय वाचावा तसा दुसऱ्या कुणी वाचू शकणार नाही असं मला मनापासून वाटतं. येशू म्हणतो मी खरा वेल, माझा पिता माळी, फळ देणाऱ्या फाट्याला आणखी फळ यावं म्हणून तो त्याची छाटणी करतो. आणि अकराव्या वचनात म्हणतो, माझा आनंद तुमच्यात असावा आणि तुमचा आनंद पूर्ण व्हावा म्हणून मी हे तुम्हाला सांगितलं. छाटणी आणि आनंद एकाच श्वासात, आणि तेही कधी, तर वधस्तंभाच्या आदल्या रात्री.

तासगाव, पलूस, मिरज पूर्व भागात ज्यांच्या बागा आहेत त्यांना ठाऊक आहे. द्राक्ष काढून झाली की एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, बाग अशी दिसते की नवखा माणूस म्हणेल संपली बाग, नुसती खोडं आणि ओलांडे, वर उन्हाचा तडाखा. पण पुढच्या हंगामाचा घड नेमका तेव्हाच तयार होत असतो. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीच्या डोळ्यात सूक्ष्मघड धरतो, बाहेरून काही दिसत नाही, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तोच घड बाहेर येतो. त्या दिवसांत बागायतदार काय करतो? पाणी देतो, खत देतो, विरळणी करतो, शेंडा मारतो. घड दिसत नाही म्हणून पाणी तोडत नाही. "माझ्यामध्ये राहा" या येशूच्या शब्दांचा रोजच्या जगण्यातला अर्थ मला हाच वाटतो, की कोरड्या दिवसांत वेलीशी जोडलेलं राहायचं, वचन, प्रार्थना आणि मंडळी ही पाण्याची पाळी चुकवायची नाही.

सकाळचं स्तोत्र, मोठ्याने

आता प्रत्यक्ष कामाला लागू. पवित्र शास्त्रातल्या स्तोत्रसंहितेतलं रोज एक स्तोत्र मोठ्याने वाचा. मनातल्या मनात नको, आवाज निघाला पाहिजे, कारण आपलं मन सकाळी उठल्यापासून स्वतःशीच बडबड करत असतं, हप्ता, पाणीपट्टी, पोराची फी, आणि त्या बडबडीच्या वर ऐकू येईल असा दुसरा आवाज लागतो.

असं करा. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, शास्त्र पुस्तकातूनच वाचा. एकदा सलग वाचा. दुसऱ्यांदा हळू वाचा आणि जिथं मन अडकेल तिथं थांबा. ती ओळ घेऊन देवाशी दोन मिनिटं साध्या बोलीत बोला, भाषण नको, वडिलांशी बोलतो तसं. मग तीच ओळ कागदावर लिहून खिशात किंवा पर्समध्ये टाका. सगळं मिळून पंधरा मिनिटं होत नाहीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी नातवंडांकडून वाचून घ्यावं, त्यात पोरांनाही वचन मिळतं.

कुठून सुरुवात करावी तर १६, २३, ३०, ३४, ६३, ८४, १००, १०३ आणि १२६ ही स्तोत्रं घ्या. सोळाव्याच्या शेवटच्या वचनात देवाच्या सान्निध्यात पूर्ण आनंद आहे असं दावीद म्हणतो, ते पाठच करून टाका. एकशे सव्विसावं पेरणाऱ्यांचं स्तोत्र आहे, रडत रडत बी घेऊन गेलेला माणूस गात गात पेंढ्या घेऊन परत येतो. दीडशे स्तोत्रं आहेत, घाई काही नाही.

उपकार लिहून ठेवा, पण बारीक लिहा

एकशे तीनावं स्तोत्र जिवाला सांगतं की त्याचे सगळे उपकार विसरू नको. आपण विसरतो, हे देवाला माहीत आहे म्हणूनच सांगितलंय. "देवा तुझे आभार, तू चांगला आहेस" असं ढोबळ लिहून मनाला काही होत नाही. आमच्या मंडळीतल्या एक काकू आहेत, त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे, आपल्या सगळ्यांच्या घरी असतं तसं, त्यावर रोज दूध किती लिटर घेतलं ते लिहितात, आणि त्याच चौकटीत दुधाच्या आकड्याखाली बारीक पेन्सिलीने एक उपकार. मी एकदा वाचत उभा राहिलो. "दीड. सुनेने न सांगता पाय चेपले." "एक. लाईट गेली नाही." "दीड. गुडघा आज गप्प." महिना संपला की पान फाडत नाहीत, उलटून ठेवतात, आणि वर्षाच्या शेवटच्या रात्रीच्या उपासनेला जायच्या आधी बसून वाचतात. वेगळी वही आणायला नको, वेळ काढायला नको. एवढं तरी आजपासून करता येईल.

रडगाणं देवापुढंच गा

आनंदाच्या लेखात हे कशाला असं वाटेल, पण माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथंच अडकलेत. आपल्याकडं मंडळीत हसऱ्या तोंडाने बसायचं, "कसं चाललंय" विचारलं की "प्रभूची कृपा" म्हणायचं आणि आत दगड ठेवायचा. दाबलेल्या दुःखाखाली आनंदही दबतो.

२०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, ज्यांची कागदपत्रं, धान्य, जनावरं गेली, त्यांना लगेच "सर्वदा आनंदित असा" हे वचन ऐकवणं बरोबर नाही. त्यांना तेरावं स्तोत्र द्यावं. "हे परमेश्वरा, कुठवर?" असं ते सुरू होतं. सहाच वचनांचं आहे, त्याची चाल बघा: पहिल्यांदा तक्रार, सरळ, न लाजता. मग मागणं. मग शेवटी भरवसा, मी तुझ्या दयेवर भिस्त ठेवलीय. याच चालीवर स्वतःचं लिहा. चार ओळी तक्रार, दोन ओळी मागणं, एक ओळ भरवसा. भरवशाची ओळ आज येत नसेल तर सोडून द्या, अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं आणि तेही पवित्र शास्त्रातच आहे.

आणि हबक्कूक संदेष्टा. त्याच्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट बागायतदारांनी घरात लावून ठेवावा असा आहे. अंजीर फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ आलं नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. ऐन माल तयार असताना अवकाळी पाऊस येतो, मणी तडकतात, घड कुजतात, औषधाची आणि सोसायटीची बाकी तशीच, हे ज्याने भोगलंय त्याला कळतं की हबक्कूक पोकळ बोलत नाही. तो नुकसान एकेक करून मोजतो आणि मग "तरी" म्हणतो. नुकसान नाकारून त्या "तरी"पर्यंत पोचता येत नाही.

मनात काही टोचत असेल तर

दावीद एकावन्नाव्या स्तोत्रात म्हणतो, तुझ्या तारणाचा आनंद मला परत दे. म्हणजे पापाने आनंद जातो आणि कबुलीने परत येतो. देवापुढं नाव घेऊन कबूल करा, गोल गोल नको, आणि मग क्षमा झाली हे धरून चाला, तीच गोष्ट रोज उकरत बसू नका.

आपल्याकडं दुसरं मोठं कारण म्हणजे भावकी. बांधावरून, वाटणीवरून, लग्नातल्या मानपानावरून वर्षानुवर्षं बोलणं बंद असतं आणि दोन्ही घरं एकाच मंडळीत वेगवेगळ्या बाकांवर बसून प्रभुभोजन घेतात. मत्तय पाचमध्ये येशू म्हणतो की अर्पण वेदीजवळ ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. कोर्टातला दावा चालू असेल तर तो चालू दे, हक्क सोडा असं मी म्हणत नाही, पण सणाला फोन करणं, आजारपणात जाऊन येणं, एवढं तरी सुरू करा. समोरचा नाही बोलला तरी तुमच्याकडचा दगड उतरतो.

गा, आणि चारचौघांत गा

पौल आणि सीला यांना फिलिप्पैमध्ये फटके मारून तुरुंगात टाकलं, पाय खोड्यात अडकवले, आणि मध्यरात्री ते दोघं गात होते, बाकीचे कैदी ऐकत होते (प्रेषितांची कृत्ये १६). पुढं याच गावच्या मंडळीला पौलाने जे पत्र लिहिलं तेही तुरुंगातूनच, आणि त्या चार अध्यायांच्या छोट्या पत्रात आनंद हा विषय सारखा सारखा येतो. एका बैठकीत वाचून होतं, वाचाच.

गाण्याच्या बाबतीत आपण मराठी ख्रिस्ती लोक फार श्रीमंत आहोत. कवी नारायण वामन टिळकांनी ओवी-अभंगाची चाल आपल्या उपासनेत आणली, आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी देवाचा दरबार हा ख्रिस्ताच्या अनुयायांचा मेळा सुरू केला तो आपल्या साताऱ्यातच. तो वारसा घरात पडू देऊ नका. पेटी, तबला, झांज घेऊन बसा, जुनं पद म्हणा, नवीन म्हणा, पण लाऊडस्पीकरवर दुसऱ्याने गायलेलं ऐकणं आणि स्वतः गळा काढून गाणं यात फार फरक आहे. महिन्याला एक गीत सगळ्या कडव्यांसकट पाठ करा. दवाखान्यात, एसटीत, रात्री झोप लागत नाही तेव्हा पुस्तक जवळ नसतं, पाठ असलेलंच कामाला येतं. आवाज चांगला नाही ही सबब सांगू नका.

आणि घरसभा सोडू नका. रविवारच्या गर्दीत तुमचा चेहरा उतरलाय हे कुणाला दिसत नाही, दहा जणांच्या घरसभेत दिसतं.

रविवार खराखुरा रविवार करा

नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा लोकांना नियमशास्त्र वाचून दाखवतो, सकाळपासून दुपारपर्यंत, आणि लोक रडायला लागतात. तेव्हा त्यांना सांगतात की रडू नका, जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, ज्यांच्या घरी काही तयार नाही त्यांना वाटे पाठवा, कारण परमेश्वराचा आनंद हेच तुमचं बळ आहे. शेवटचं वाक्य आपण फलकावर लिहितो आणि आधीचं जेवण विसरतो.

तर रविवारी एक काहीतरी गोड करा, शिरा का असेना, आणि एक डबा ठरवून बाहेर पाठवा: एकटी राहणारी म्हातारी, शिकायला आलेली खोलीवरची पोरं, गळीत हंगामात गावाबाहेर खोपटात राहणारं ऊसतोड्यांचं कुटुंब. ख्रिस्ती आहे का बघू नका. डबा पोराच्या हातून पाठवा. ज्यांना रविवारी कामावर जावंच लागतं, हॉटेलात, हॉस्पिटलात, पाळीत, त्यांनी आठवड्यातली दुसरी एक संध्याकाळ धरावी आणि त्या संध्याकाळी कामाचे फोन घेऊ नयेत.

सेवेचंही हेच. मिरजेच्या दवाखान्यांत लांबलांबून, कर्नाटकातूनही पेशंट येतात, नातेवाईक जिन्यात बसून असतात. थर्मासभर चहा घेऊन गेलात आणि परवानगी विचारून प्रार्थना केलीत तर येताना तुमचंच मन हलकं झालेलं असेल.

आनंद चोरणाऱ्या गोष्टी

दुसऱ्याच्या साक्षीशी, म्हणजे देवाने काय केलं ते तो मंडळीत सांगतो त्याच्याशी, स्वतःची तुलना. त्याला नोकरी मिळाली, तिला मूल झालं, मग माझं काय? साक्ष ऐकताना असं वाटलं तर तिथंच मनात त्या माणसासाठी आशीर्वाद मागा, जड जातं पण उपाय हाच आहे. स्टेटस आणि रील बघत बसणं दुसरं. तिसरं म्हणजे "एवढं दान टाका मग आशीर्वाद बघा" असं सांगणारी माणसं, त्यांच्यापासून चार हात लांब राहा, देणं आनंदाने द्यायचं असतं, आनंद विकत घ्यायला नाही.

ज्यांच्या घरात एकट्यानेच विश्वास धरलाय, सासरचे किंवा आईवडील नाराज आहेत, त्यांची ओढाताण वेगळी. भांडून सिद्ध करायला जाऊ नका. पेत्र सांगतो की तुमच्या आशेबद्दल कुणी विचारलं तर सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्या. सणाच्या दिवशी घरातली कामं नेहमीपेक्षा जास्त करा, सासूबाईंचा मान ठेवा, आणि जे मनाला पटत नाही तेवढंच नम्रपणे बाजूला ठेवा. मंडळीतल्या एखाद्या मावशी-काकांना घरच्यासारखं धरून ठेवा, तुमच्या आनंदाच्या दिवशीही कुणीतरी हक्काचं लागतं.

काहीच जमत नाही अशा दिवशी

असे दिवस येणार. तेव्हा सगळं सोडून देऊ नका, लहान करा. स्तोत्र नाही तर एक वचन. प्रार्थना नाही तर प्रभूची प्रार्थना तेवढी म्हणा. गाता येत नसेल तर गाणाऱ्यांच्यात जाऊन बसा. मार्क दोनमधल्या पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून छपरातून खाली सोडलं, आणि येशूने "त्यांचा" विश्वास बघितला असं तिथं लिहिलंय. तुम्हालाही उचलणारी माणसं लागतील, ती आधी ठरवून ठेवा, दोघं तरी. आणि तो दिवस आला की "प्रार्थना करा" एवढाच मेसेज टाकू नका, पाळकसाहेबांना किंवा त्या दोघांपैकी एकाला फोन करून स्पष्ट सांगा की आज माझ्याच्याने होत नाहीये, संध्याकाळी घरी या, दहा मिनिटं बसा आणि माझ्या वतीने तुम्ही प्रार्थना करा.